अडीच वाव पाणी

अप्पा,

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी डेस्कवर होते. महेशने फोनवर एकच वाक्य सांगितलं आणि फोन ठेवला. माझ्यासमोर त्या वेळी एका परक्या माणसाचा मृत्युलेख होता. सव्वातीनशे शब्दांचा मजकूर तीनशेत बसवायचा होता. मी तो बसवला, पान सोडलं आणि मग उठले. हे तुम्हाला पटलं असतं. "आदी शीड उतरव, मगे रड," असं तुम्हीच महेशला लहानपणी सांगायचात म्हणे.

तुमचा मृत्युलेख मी लिहिणार नाही. जन्म, गाव, नोकरी, मागे कोण कोण, हे सगळं गेल्या पंधरा दिवसांत सगळ्यांनी एकमेकांना सांगून झालं आहे. मला दोन तासांच्या एका सहलीबद्दल लिहायचं आहे, आणि त्या दोन तासांत माझ्या पिशवीत घडी घालून ठेवलेल्या एका कागदाबद्दल.

चौदा वर्षं मी तुमची सून होते. तुम्ही मला सूनबाई कधी म्हणाला नाहीत, "संपादकबाई" म्हणायचात. मी संपादक नाही, उपसंपादक आहे, हे मी सुरुवातीला दुरुस्त करत असे. तुम्ही म्हणायचात, "ता 'उप' ऱ्हवांदे गो." नंतर मी दुरुस्त करणं सोडलं. माझ्याकडून सोडून दिल्या गेलेल्या दुरुस्त्या फार नाहीत.

या हिवाळ्यात तुम्ही तीन महिन्यांसाठी आमच्याकडे कतारमधल्या अल खोरला आलात. महेश पहाटेच कंपनीच्या बसने प्लांटवर जायचा, ईरा शाळेत जायची, मी दुपारी गाडी घेऊन दोह्याला निघायचे. सकाळी घरात आपण दोघंच असायचो. तुम्ही आमचा इंग्रजी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचात, हातात पेन्सिल धरून. दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही खाडीवरून फिरून आलात आणि चपला काढायच्या आधी पेपर माझ्यापुढे धरलात.

"भरती किती वाजता लिवलास?"

"साडेआठ."

"मी नऊ वाजता बघून येतंय. पाणी अजून चढता आसा."

"अप्पा, ते आकडे खात्याकडून येतात."

"खात्याकडसून येऊंदेत नायतर अल्लाकडसून. समुद्राक इचारलास?"

ऑफिसात गेल्यावर मी तपासलं. आदल्या दिवशीचाच तक्ता पुन्हा छापला गेला होता. पान माझं होतं. दुसऱ्या दिवशी पान दोनवर दोन ओळींची दुरुस्ती आली. ती तुम्ही कात्रीने कापून पाकिटात ठेवलीत आणि महेशला सांगितलंत, "हिच्या पेपरात इतकीच बातमी खरी."

एवढ्या वर्षांत एका वाचकाने समुद्र बघून पेपर तपासला, असं आमच्याकडे आधी झालं नव्हतं. मी हे ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. तुम्हाला मात्र सांगायचं राहिलं.

दत्तारामकाकांची गोष्ट मी लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत, देवगडजवळच्या आपल्या घरात ऐकली होती. तुम्ही आणि तुमचे थोरले भाऊ दत्ताराम एकाच लाँचवर खलाशी होतात. कांदे, तांदूळ आणि कौलं भरून लाँच मुंबईहून दोह्याला आली होती. जेटीवर जागा नव्हती, म्हणून बंदराबाहेर नांगर टाकून वाट पाहत होती. तिथे दत्तारामकाकांना ताप भरला. चौथ्या दिवशी ते गेले. लाँचवर माणूस मेला आहे हे बंदरावर कळलं तर लाँच अडकवून ठेवतील, माल सडेल, अशी लाँचच्या प्रमुखाला, तांडेलाला भीती होती. त्याने पहाटे होडी काढली. दगड बांधून प्रेत पाण्यात सोडलं. होडीत तुम्ही होता. तुम्ही सतरा वर्षांचे होता.

त्या वेळी तुम्ही एक काम केलंत. आपल्याकडचे मच्छीमार समुद्रातली जागा लक्षात ठेवतात, तशी तुम्ही ती जागा धरलीत. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एकामागे एक आल्या की एक रेष मिळते. दुसरीकडच्या दोन वस्तूंची दुसरी रेष. दोन्ही एकमेकींना छेदतात ती जागा. घड्याळाच्या मनोऱ्यामागे मशिदीचा मिनार, ही एक रेष. जेटीच्या टोकामागे पांढरं दुमजली घर, ही दुसरी. घरी पोचल्यावर तुम्ही आईला या चार खुणा सांगितल्यात आणि खोली सांगितलीत, पंधरा वाव. दोन्ही हात पसरले की होतं तेवढं अंतर म्हणजे एक वाव. आईने ते पाठ केलं. घरात येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगायची, आणि तिच्यानंतर तुम्ही सांगू लागलात.

तीन वर्षांपूर्वीच्या गणपतीत तुम्ही ती गोष्ट पुन्हा सांगत होता. आरतीची वाट पाहत सगळे बसले होते. त्याच आठवड्यात मी दोह्याच्या बंदरावरचा एक लेख संपादित केला होता, आकडे डोक्यात ताजे होते. मी म्हणाले, "अप्पा, त्या खाडीत पंधरा वाव पाणी कुठेच नव्हतं. पंधरा वाव म्हणजे सत्तावीस मीटर."

तुम्ही विचारलंत, "तू होतंस थंय?"

"नव्हते. पण नकाशा आहे."

तुम्ही उठून पडवीत गेलात. आरतीला आलात, पण ती गोष्ट त्यानंतर घरात कुणी तुमच्या तोंडून ऐकली नाही. शालूआतेने, तुमच्या धाकट्या बहिणीने, मला स्वयंपाकघरात गाठलं. "काय अडला होता गो तुजा?" तिने विचारलं. माझं काहीच अडलं नव्हतं. माझा आकडा बरोबर होता, एवढंच.

किती बरोबर होता, ते तुम्ही या वर्षी अल खोरच्या स्वयंपाकघरात सांगितलंत. तुम्ही सिंकपाशी मासा साफ करत होता. ते काम तुम्ही माझ्यावर कधी सोपवलं नाहीत. पाठ माझ्याकडे होती.

"अडीच वाव," तुम्ही म्हणालात.

"काय?"

"पाणी. अडीच वाव होता. आवशीक पंधरा सांगितलंय."

"का?"

"अडीच म्हटला असता तर तिना इचारल्यान असता, सुकतीक काय होता म्हणान."

सुकती म्हणजे ओहोटी. तुमच्या आईचा जन्म समुद्रावर गेला होता. अडीच वावातून ओहोटीचं पाणी वजा केल्यावर काय उरतं, हे तिला कागदाशिवाय कळलं असतं. म्हणून सतरा वर्षांच्या मुलाने बोटीवरून घरी येईपर्यंत आकडा बदलला. तो पंचावन्न वर्षं घरात चालला, आणि मी तो चारचौघांत खोडला. तुम्ही मला त्याबद्दल बोल लावला नाहीत. मासा धुतलात, हात पुसलेत आणि म्हणालात, "मगे सगळ्यांनी पंधराच धरल्यानी. मी पण."

मग म्हणालात, "आता तू शोध. नकाशे तुज्याकडे, धंदो तुजो."

"काय शोधू?"

"जागा. खंय ता. एकदा बघून जातंय."

मी "बघते" म्हणाले. आमच्या डेस्कवर "बघते" याचा अर्थ "नाही" असा होतो. तुम्हाला ते माहीत नव्हतं, आणि या वेळी तो अर्थ नव्हताही.

मला चार दिवस लागले. ग्रंथालयातल्या एका पुस्तकात शहराचा विमानातून काढलेला जुना फोटो सापडला. घड्याळाचा मनोरा आणि मशीद आजही जागेवर आहेत, त्यामुळे पहिली रेष सोपी होती. जुन्या जेटीचं टोक फोटोत स्पष्ट होतं. पांढरी दुमजली घरं मात्र तीन होती. तुमचं कुठलं, ते कळायला मार्ग नव्हता. मी तिन्ही धरली, तीन रेषा काढल्या आणि तो फोटो आजच्या नकाशावर बसवला. तिन्ही छेद एकमेकांपासून साठ मीटरांच्या आत पडले. तिन्ही जमिनीवर पडले.

तुमची लाँच परत गेल्यानंतरच्या वर्षांत खाडीचा तो काठ भर घालून पुढे आणला गेला होता. त्या भरावावर आता मनोरे आहेत, रस्ते आहेत. माझे छेद पाण्यापासून सुमारे दोनशे मीटर आत होते. एका पार्किंगला लागून असलेल्या हिरवळीच्या पट्ट्यात. मी त्याची प्रत काढली. ईरा शेजारी बसून गृहपाठ करत होती. तिने विचारलं हे काय, आणि मी तिला दाखवलं. मला तेव्हा त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

महेशला सांगितलं तेव्हा आम्ही गाडीत होतो, दोह्याच्या वाटेवरच्या उम्म सलाल मोहम्मद गावाच्या पुढे.

"त्यांना नको सांगूस," तो म्हणाला.

"त्यांनी मला विचारलंय."

"त्यांना भावाच्या पाण्यावर एकदा उभं राहायचंय. तू त्यांना पार्किंग दाखवणार?"

"पार्किंग नाही, हिरवळ आहे. पार्किंग शेजारी आहे."

"बघ. तू अशी बोलतेस."

त्याने आधीच एक छोटी यॉट ठरवून टाकली होती, फक्त आपल्या चौघांसाठी. किनाऱ्यावरून सुटणाऱ्या लाकडी बोटी ठरलेल्या वाटेने जातात, मोठ्याने गाणी लावतात आणि कुणी सांगितलं म्हणून थांबत नाहीत. तुम्ही म्हणाल तिथे थांबेल अशी बोट त्याला हवी होती. मी कागद घडी करून पिशवीत ठेवला. दाखवायचा की नाही, हे ठरवलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी चारला आपण जुन्या बंदरावर पोचलो. बोटीवर चढताना चपला काढायच्या असतात, त्यासाठी टोपली ठेवलेली असते. टोपली कुणी दाखवायच्या आधीच तुम्ही चपला काढल्यात, बोटीच्या कडेला हात लावून तो कपाळाला लावलात आणि मग पाय ठेवलात. कॅप्टन बशीर केरळचा होता, पांढऱ्या गणवेशातला, चाळिशीचा. त्याने ते पाहिलं. तोपर्यंत तो तुम्हाला सर म्हणत होता, तिथून पुढे चाचा म्हणू लागला.

"चाचा, जहाज पे काम किया है?"

"जहाज नहीं, लाँच. तुम्हारे जनम के पहले."

"तो फिर आज आप ही चलाओ."

"इसको तो मोटार का स्टेअरिंग है," तुम्ही म्हणालात. "मेरे पास लायसन नहीं."

आत पांढरे सोफे होते, केक होता आणि छताला टेकलेले गुलाबी फुगे होते. तुम्ही ईराला विचारलंत, "वाढदिवस कोणाचो?"

"नोबडीज, आजोबा. इट्स इन्क्लुडेड."

"इन्क्लुडेड," तुम्ही म्हणालात आणि फुग्यांखाली बसलात, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. पिशवीत आपल्या दारच्या माडाचा नारळ होता. तो तुम्ही गावाहून येतानाच आणला होता. त्याचं काय करायचं हे तुमचं तेव्हाच ठरलं होतं, आणि तोवर तुम्ही मला काही विचारलंही नव्हतं.

बशीरने रिवाजाप्रमाणे माहिती सुरू केली. हे संग्रहालय, त्या जुन्या लाकडी बोटी, समोर उंच मनोरे. लोक मनोऱ्यांकडे तोंड करून फोटो काढतात. तुम्ही मनोऱ्यांकडे पाठ केलीत आणि जुन्या शहराकडे बघत राहिलात. पंधरा-वीस मिनिटं गेली. मग हात वर केलात.

"थांब."

घड्याळाचा मनोरा दिसत होता. मिनार त्याच्या थोडा उजवीकडे होता. तुम्ही बशीरला बोलून काही सांगितलं नाहीत. नुसता तळहात हलवलात, डावीकडे, थोडं आणखी, बास. बशीर मागे वळून तुमच्या हाताकडे बघत बोट सरकवत होता. मिनार मनोऱ्याच्या मागे गेला. तुम्ही दोन बोटांनी पुढे चल अशी खूण केलीत. बोट त्या रेषेवरून निघाली, जुनं शहर मागे ठेवत.

दुसरी रेष मिळणार नव्हती. ती जेटी राहिलेली नाही, ते घरही नाही. तुम्ही एकदा त्या बाजूला पाहिलंत आणि पुन्हा पाहिलं नाहीत.

"कितना पानी?"

"नौ मीटर, चाचा."

"खोदा है?"

"सब खोदा है. पहले इधर इतना पानी नहीं था."

तुम्ही मान हलवलीत. बोट पुढे जात राहिली. थोड्या वेळाने बशीरने वेग कमी केला. याच्यापुढे जाता येणार नाही, किनारा आला, असं त्याने सांगितलं. रेष पुढे जात होती, पाणी संपलं होतं. तुम्ही त्या किनाऱ्याकडे पाहत उभे राहिलात. महेश माझ्याकडे बघत होता. मी पिशवीवर हात ठेवून बसले होते.

"हंयच," तुम्ही म्हणालात.

बशीरने इंजिन बंद केलं. तुम्ही नारळ काढलात. बशीर घाईने पुढे आला. "चाचा, माफ करना. पानी में कुछ डालना मना है. मेरा लायसन्स जायेगा."

"बरां," तुम्ही मराठीतच म्हणालात. मग इकडे-तिकडे पाहिलंत. लोकांच्या टोप्या पाण्यात पडतात, त्या काढायला लांब दांड्याची जाळी ठेवलेली होती. तुम्ही ती मागितलीत. नारळ जाळीत ठेवलात, जाळी पाण्यात सोडलीत आणि वाकून धरून उभे राहिलात. तुमचे ओठ हलत होते. तेव्हा ईरा बोलली. स्पष्ट, वर्गात उत्तर देतात तशी.

"बट आई, युअर मॅप सेड इट्स ओव्हर देअर." तिचं बोट किनाऱ्याकडे होतं, पार्किंगपलीकडच्या हिरव्या पट्ट्याकडे.

तुमचं इंग्रजी उत्तम होतं. तुम्ही आमचा पेपर रोज वाचत होता.

मी म्हणाले, "ईरा, गप्प बस."

चौदा वर्षांत, खऱ्या गोष्टीबद्दल कुणाला गप्प बस म्हणताना तुम्ही मला ऐकलं नव्हतं. तुम्ही मागे वळला नाहीत. जाळी आणखी थोडा वेळ पाण्यात धरलीत. "पाणी गार आसा," म्हणालात. मग नारळ वर घेतलात, पंच्याने पुसलात आणि पिशवीत ठेवलात. "दाखयलो. पुरे झाला."

परतीच्या वाटेवर बशीरने केक कापायचा का, असं विचारलं. "काप. पैशे भरलेत," तुम्ही म्हणालात आणि पहिला तुकडा त्यालाच दिलात.

त्यानंतर तुम्ही आमच्याकडे नऊ दिवस होता. त्या नऊ सकाळी आपण दोघंच घरात होतो. तुम्ही पेपर वाचलात, भरतीचा तक्ता तपासलात, माझ्या एका मथळ्यातला क्रियापदाचा गोंधळ दाखवलात. कागदाबद्दल विचारलं नाहीत. मी रोज ठरवत होते की तुम्ही विचारलंत तर सांगायचं. तुम्ही आधीच विचारलं होतं, स्वयंपाकघरात, मासा साफ करताना. तोच प्रश्न दुसऱ्यांदा यावा म्हणून मी थांबले होते.

विमानतळावर महेश ट्रॉली आणायला गेला होता. तुम्ही पासपोर्ट खिशात चाचपत होता.

"संपादकबाई, बातमी दाबलंस काय गो?"

"कुठली?" मी म्हणाले.

एखादा मथळा वाचायला लागतो तेवढा वेळ तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "काय नाय," म्हणालात. "भरतीचो तक्तो रोज बघत जा." आणि रांगेत जाऊन उभे राहिलात.

पाच आठवड्यांनी तुम्ही गेलात.

महेश त्याच दिवशीच्या विमानाने निघाला. ईराची परीक्षा होती म्हणून आम्ही दोघी इथेच थांबलो. त्या शुक्रवारी सकाळी मी कागद घेऊन त्या जागेवर गेले. का गेले याचं नीट कारण मला देता येणार नाही. ज्या जागेबद्दल लिहायचं तिथे जाऊन यायचं, ही सवय आहे.

जागा अशी आहे. हिरवळीचा पट्टा, रुंदी साधारण बारा पावलं. एका बाजूला पार्किंगची भिंत, दुसऱ्या बाजूला चालायची फरसबंद वाट. मधे तीन झाडं, काठ्यांना बांधलेली. एक माणूस पाइपने पाणी घालत होता. मी कागद बघत इकडून तिकडे चालले तेव्हा त्याने पाइप खाली ठेवला.

"मॅडम, कुछ गिरा है क्या?"

"नहीं. नीचे क्या है, वो देख रही हूँ. मिट्टी है?"

"ऊपर मिट्टी है, बाहर से आया. नीचे समुंदर का रेत." त्याने चप्पल टेकवून दाखवलं. "झाड लगाने को खोदा था ना, तब इतना इतना सीप निकला."

मी हे लिहून घेतलं. तो माणूस दुसऱ्या झाडाकडे गेला. मी तिथे अर्धा तास होते. तुमच्या भावाच्या जागेवर गाड्या उभ्या राहत नाहीत, एवढं कळलं, आणि त्यातही मला समाधान वाटलं नाही. महेशचं बरोबर होतं, असंच तेव्हा वाटलं. वाईट बातमी होती, ती तुमच्यापर्यंत पोचली नाही, हे बरं झालं.

तेराव्याला महेशने घरून फोन लावला आणि शालूआतेच्या हातात दिला. मागे भांड्यांचा आवाज होता, जेवणं चालली होती. ती रडत नव्हती. तिचा आवाज बसला होता.

"भाऊक जागा दाखवलास मां तुमी? सगळ्या गावाक सांगत होतो, जागा बघून इलंय म्हणान."

हो म्हणणं सोपं होतं. तुम्ही गावात तसं सांगितलं होतं, महेशला तेच हवं होतं, आणि तेरावं होतं. पण माझं एकदा "कुठली?" म्हणून झालं होतं.

मी तिला सगळं सांगितलं. अडीच वाव, जुना फोटो, तीन रेषा, भराव. बोट थांबली ती जागा खरी नव्हती, हेही. मी सांगत होते आणि काय अडला होता तुजा, या प्रश्नाची वाट बघत होते. मला वाटलं फोन तुटला.

"आते?"

"म्हणजे पाण्यात नाय तो?"

"नाही."

"वर काय आसा?"

"भराव आहे. त्याच्यावर माती टाकलीय. गवत आहे, झाडं लावलीत."

"किती?"

"काय किती?"

"माती गो."

"वरची हातभर असेल. खालचा भराव पुष्कळ आहे, माणसाच्या उंचीच्या तिप्पट तरी."

मग फोन बाजूला धरून तिने कुणाला तरी ओरडून सांगितलं, "दत्तूदादाक माती गावली!" आणि मग ती रडायला लागली.

रडत रडत तिने मला जे सांगितलं, ते मला चौदा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही लाँचवरून परत आलात त्या दिवसापासून तुमच्या आईने मासे खाल्ले नाहीत. मच्छीमाराच्या घरात ती सगळ्यांना रांधून घालायची आणि स्वतः डाळ-भात खायची. विचारलं तर म्हणायची, "कुठच्या माशान काय खाल्ल्यान, कोणाक म्हायत." शेवटच्या आजारात ती दत्तारामकाकांचं नाव घेत होती आणि एकच गोष्ट म्हणत होती, की त्याला आग नाही मिळाली ती नाही, पण मूठभर माती तरी मिळायला हवी होती. ती तुमचा हात धरून हे म्हणत होती, आते म्हणाली. तुमच्याच हाताला धरून, कारण होडीत तुम्ही होता.

"भाऊक सांगितलंस ह्या?" तिने विचारलं.

"नाही."

"सांगूक होया होता गो," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. कुणीतरी तिला जेवायला बोलावलं आणि तिने फोन ठेवला.

अप्पा, ती बातमी वाईट आहे असं मी गृहीत धरलं होतं. ज्याची बातमी होती, त्याला विचारलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडे जागा मागितलीत ती कशासाठी, हे मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही आईचा हात सांगितला असता, किंवा सांगितला नसता. पण मी तुम्हाला बोटीतून उतरवून त्या हिरवळीवर नेलं असतं आणि तुम्ही खाली बसून माती हातात घेतली असती, एवढं मला आता दिसतं.

ते आता होणार नाही. म्हणून तुम्ही मागितलं होतं ते इथे देते आहे. दत्तारामकाका पाण्यात नाहीत. तुम्ही त्यांना सोडलंत तिथे भराव आहे, भरावावर माती आहे, मातीवर गवत आहे आणि त्याला रोज सकाळी पाणी घातलं जातं. जागेत साठ मीटरांपर्यंत चूक असू शकते. मातीबद्दल नाही.